सी शिफ्टचं पानी

थांबा, चहा येईपर्यंत ऐकून घ्या. पायल, तो व्हिडिओ बंद कर अगोदर. हप्ता झाला कोहक्याच्या ग्रुपवर तेच फिरून राहिलं, अन् तुमी सारे मले तिरप्या नजरेनं पाहून राहिले, पन इचारत कोनीच नाही. त्यात जो मानूस हात जोडून उभा हाये ना, कपाळावर हेल्मेटचा वळ हाये, तो माहा बाप हाये. नागसेन. अन् खाली जे लिवलं हाये, 'कुएँ में संडास का पानी', ते खोटं हाये. सारंच्या सारं खोटं. मी शुरूपासून सांगते. मधात बोलू नका, मी आधीच तापून हाव.

आमचं घर कोहक्यात, अन् आमच्या घराले चिकटून हिरालाल काकाचं घर. दोघायच्या मधात विहीर. मधात मतलब एकदम मधात, अर्धी आमच्या हद्दीत, अर्धी त्यायच्या. बाबा अन् काका दोघंही भंडाऱ्याकडचे, इकडे छत्तीसगढात नोकरीले आले. पोलादाच्या प्लांटमदे एकाच खात्यात लागले, संगसंग प्लॉट घेतले, अन् विहीर दोघायनं मिळून खनली. सुट्टीच्या दिवशी एक खाली उतरे, एक वरून घमेलं ओढे. आमची आई तारा अन् काकाची बायको सिंधुकाकू, दोघी माती नेऊन फेकत. बाबाच्या पायाचं एक बोट चपटं हाये, ते त्याच विहिरीतल्या दगडाखाली आलं होतं. काकानंच त्यायले पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. आता काका रिटायर हायेत, बाबाची ड्युटी चालूच हाये.

तर यंदा एप्रिलातच विहिरीनं तळ दाखवला. बकेट सोडली की खडखड आवाज, अन् वर काय येते तर गाळ अन् एखादी बेडकी. नळ आला तर आला, तोही करंगळीएवढा. टँकर यायचा तेव्हा गल्लीत असा दंगा की मानसं ओळख विसरून जात. माह्या खांद्याले बकेटीच्या दांडीनं काळा पट्टा पडला होता, कॉलेजले मी ओढनी इकडून घेऊ का तिकडून घेऊ करत यायची.

अन् आमच्या आईचं पान्याचं अलगच चालते. प्लांटवाल्याची बायको ना ती. ती म्हनते, आपल्या घरात पानी ड्युटी करते. ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट. तांदूळ धुवा, भाजी धुवा, आंघोळ करा, ती ए शिफ्ट. तेच पानी जमा करून कपडे भिजवा, फरशी पुसा, ती बी शिफ्ट. अन् त्याच्यानंतर जे काळंढुस्स उरते, ते मांगच्या ड्रममदून जाते. ड्रममदे खाली गिट्टी, वर रेती, मधात कोळसा. तिथून निघालं की संडासात टाका नाहीतर केळीले घाला. ती सी शिफ्ट. तीन बकेटीवर तिनं माह्या नेलपॉलिशनं ए, बी, सी लिवलं होतं. लाल नेलपॉलिश, नवीन शीशी होती यार, पुरी संपवली.

मी एकडाव तोंड धुतलेलं पानी मोरीत ओतलं तर किचनमदून वरडली, "पोट्टे! त्याची एकच शिफ्ट झाली हाये. फुकटात सुट्टी देतं काय त्याले?"

मी म्हनलं, "आई, साबन हाये त्यात."

"तर मंग? तुहा बाप ग्रीसमदे भरून येते, त्याले मी घरात घेते ना?"

बाबा खाटेवर पडल्या पडल्या हसत. असं सारं.

हे सिंधुकाकूनं पन उचललं होतं. तिच्याकडेही तीन बकेटी. भिंत कमरेएवढीच हाये मधातली, विहिरीपाशी येऊन थांबते, तिच्यावरून ती बोलावे, "तारा, तुही सी शिफ्ट उरली का व? माह्या केळीले घाल ना जराशी." आई घाले. तिच्या केळीचा घड आमच्याकडे येई. मी लहानपनापासून हे पाहून राहिली, मले वाटे साऱ्या दुनियेत पान्याले असंच म्हनत असन.

मे महिन्यात आई एक दिवस टँकरवरून आली. पायात एकच चप्पल, दुसरी गर्दीत गेली. बकेट ठेवली अन् बाबाले म्हनते, "पावसाळाभर छतावरचं पानी आपन पाईप लावून नालीत सोडतो. अन् उन्हाळ्यात टँकरच्या मांगं धावतो. आपल्याले काही लाज हाये का नाही?"

बाबा ऑफच्या दिवशी पावर हाउसच्या बाजारात जाऊन पाईप घेऊन आले. छताच्या चारी कोपऱ्याचं पानी एका पाईपात, पाईप खाली मोठ्या सिंटेक्सच्या टाकीत, अन् टाकीले खाली कॉक. टाकीतलं पानी पाहाचं, साफ असलं तर कॉक खोलाचा अन् विहिरीत सोडाचं. गढूळ असलं तर नालीत. बाबा आरीनं पाईप कापत, आई छत झाडे, मी गोंद लावून जॉइंट दाबून धरे. दोन बोटं चिपकली माही, ब्लेडनं सोडवली.

अन् शिडी कोन धरून होतं माहीत हाये? हिरालाल काका. लुंगी वर खोसून, खालून हुकूम सोडत. "नागसेन, उतार दे बे उतार! पानी काय तुह्या बोलावल्यानं येईन?"

"तुमीच चढा मंग, दादा."

"माह्या गुडघ्यात उतार नाही, तुले माहीत हाये."

दोघं हसत. काकू चहा घेऊन आली. त्या दिवशी कोनीच म्हनलं नाही की तुमच्या छताचं पानी आमाले नको.

एकाच मानसाले नको होतं. अंकुरले. काकाचा पोरगा. पावर हाउसले मोबाईलचं दुकान हाये त्याचं. तुमी पाह्यलं असन त्याले, केसाले जेल लावून फिरते, घरातही हिंदीच झाडते. त्यानं हिवाळ्यात फोरव्हीलर घेतली. गाडी गल्लीत उभी राहे अन् रोज कोनी ना कोनी आरसा ठोकून जाय. तो रोज काकाच्या मांगं लागे, "पापा, कुआँ पटवा देते हैं न. गाड़ी सीधे अंदर आ जाएगी. सूखा पड़ा है साल में चार महीने, किस काम का?" काका टाळत. "बुजवू, बुजवू. आधी पावसाळा तर जाऊ दे." मी हे आपल्या कानानं ऐकलं, भिंत कमरेएवढी हाये म्हनलं ना.

तर पावसाळा लागला. शुरूचं पानी आमी नालीत जाऊ दिलं, छत धुवाले. मंग टाकी घासली. मंग थोडं थोडं विहिरीत सोडाले लागलो. विहीर वर यायला लागली, यार. रोज मी वाकून पाहे. आधी गाळ झाकला, मंग खालचा काळा दगड बुडला, मंग बाजूची कपार. मी कॉलेजले निघाली की आई म्हने, "वाकू नको जास्त," अन् मी गेली की स्वतः वाकून उभी राहे.

आता तो दिवस.

बाबाची नाईट ड्युटी होती, मतलब सी शिफ्ट. रातभर पानी पडलं. सकाळी बाबा स्कूटरवरून आले, पुरे भिजलेले, घरात नाही आले, सीधे टाकीपाशी. झाकन काढलं. टाकी तोंडापर्यंत भरलेली. बाबानं ओंजळीत पानी घेतलं, वास घेतला, उजेडाकडे धरलं. एकदम काच. त्यायनं कॉक खोलला अन् ते पानी असं धबधब विहिरीत जाऊ लागलं की मी ब्रश करता करता बाहेर आली. अन् बाबा, बिचारे, इतके खूश, इतके खूश, आई किचनमदे होती तर तिले ऐकू जावं म्हनून जोरानं वरडले,

"ताराऽ! सी शिफ्टचं सारं पानी विहिरीत सोडलं बरं! एक थेंब नाही ठेवला!"

समजलं तुमाले? हसू नको पायल, हसन्याची गोष्ट नाही. सी शिफ्टमदे जो पाऊस पडला त्याचं पानी. रातचं पानी. प्लांटचा मानूस रातीले रात म्हनतच नाही, सी शिफ्टच म्हनते. पन भिंतीच्या तिकडे सिंधुकाकू तुळशीले पानी घालून राहिली होती. अन् तिच्या कानात सी शिफ्टचं पानी म्हनजे आमच्या आईची तिसरी बकेट. संडासात टाकाचं पानी.

तिच्या हातातला तांब्या खाली पडला. अन् ती जी वरडली! "अवो बाईऽ, विहिरीत! अवो, यायनं घान विहिरीत टाकली! अंकुरऽ! अंकुर, उठ!"

बाबा तर हसाले लागले. त्यायले समजलं ना लगेच, काय घोळ झाला ते. "वहिनी, अवो ऐका, सी शिफ्ट म्हनजे माही ड्युटी—"

कोन ऐकते. अंकुर चड्डीवर बाहेर आला, हातात मोबाईल. घरातून निघता निघताच रेकॉर्डिंग चालू. "देखिए आप लोग, देखिए. ये लोग कुएँ में संडास का पानी छोड़ रहे हैं. हमारे पीने के कुएँ में." पीने के! त्याच्या घरी आरओ हाये, त्यानं आयुष्यात विहिरीचं पानी पेलं नाही. गल्ली जमा झाली. आई हातातला झारा घेऊन बाहेर आली. बाबा एकाएकाले सांगून राहिले, पावसाचं पानी हाये, टाकीतलं हाये, हे पाहा, हात घालून पाहा. कोनी हात नाही घातला. मंग बाबानं हात जोडले. तेच व्हिडिओत हाये. पुढचं मागचं कापून तेवढंच ठेवलं त्यानं.

आई काकूले म्हनली, "सिंधू, तू मले वळखत नाही का व? मी विहिरीत घान सोडन?"

अन् काकू म्हनते... हे सांगतानाही माहं तोंड कडू होते. काकू म्हनते, "म्हनूनच मी देवाले या विहिरीचं पानी कधी नेलं नाही. येवढे वर्स झाले. नळाचंच नेलं. मले वाटतच होतं."

आईच्या हातातल्या झाऱ्यातून तेल टपकून राहिलं होतं पायावर, गरम तेल, तिले नाही समजलं. मले समजलं की ती काय आठवून राहिली. काकू रोज सकाळी नळाचं पानी अलग पितळेच्या गुंडात भरून ठेवे ना, आईनं इचारलं होतं कधीतरी. तवा काकू म्हनली होती, विहिरीचं जड हाये, तांब्या-पितळेवर डाग पडते. आईनं मानलं होतं. इतकंच नाही, आई दुसऱ्यायलेही सांगे, सिंधूची भांडी कशी चमकते पाहा, नळाचं पानी वापरते.

अन् हिरालाल काका कुठं होते? दारातच उभे होते. तोंडात ब्रश, दाढीवर फेस. त्यायनं सारं ऐकलं. बाबा त्यायच्याकडे वळून म्हनले, "दादा, तुमी सांगा ना यायले. तुमाले तर माहीत हाये."

काका बाबाकडे पाहात राहिले. मंग बाजूले वाकून थुंकले अन् आत चालले गेले.

त्याच दिवशी दुपारी अंकुरनं आरी लावून आमचा पाईप कापला. भिंतीवर चढून, आमच्याकडच्या बाजूनं कापला. मी वरडली तर म्हनते, "कुआँ हमारा भी है." विहिरीवर टिनाची चादर टाकली, वर विटा ठेवल्या. ग्रुपवर लिवलं की रविवारी कुआँ बंद होईन, परिवार के स्वास्थ्य के लिए. खाली अंगठेच अंगठे. अन् एका अंकलनं लिवलं, 'कुछ लोगों को सफाई सिखाई नहीं जा सकती.' कुछ लोग. तुमाले समजते ना, कुछ लोग म्हनजे कोन? आमच्या घरात समोरच्या खोलीत कोनाचा फोटो हाये हे साऱ्या गल्लीले माहीत हाये.

अन् मले राग कायचा येऊन राहिला होता सांगू? ती पुरी गल्ली प्लांटवाल्यायची हाये! एकेक जन ए, बी, सी करत म्हातारा झाला. सी शिफ्ट म्हनजे काय हे त्यायच्या घरच्या कुत्र्यालेही माहीत हाये. काकूले नाही समजलं, चला, ती किचनमदली शिफ्ट समजली. पन बाकीच्यायले? आमच्या आईच्या बकेटी तर त्यायले माहीतही नव्हत्या. अंकुरनं जे सांगितलं, ते सारेजन मानून बसले. मानाचंच होतं त्यायले.

मंगळवारी टँकर आला. आई लाईनीत लागली. पुढच्या बाईनं, जिच्या पोरीचं बाळंतपन आमच्या आईनं केलं, तिनं आपली बकेट पायानं जराशी पुढे सरकवली. "तारा, थोडं लांब ठेव ना व. शिंतोडे उडते." आईनं बकेट लांब ठेवली. मधात जागा झाली तर तिसरीच बाई त्यात घुसली. आई रिकामी बकेट घेऊन घरी आली. मी म्हनलं, तू काही बोलली कावून नाही? तिनं नेलपॉलिश काढाची शीशी मागितली. तिन्ही बकेटी मोरीत घेऊन बसली, अन् ए, बी, सी घासून काढलं. फडक्यानं नाही गेलं तर विटेच्या तुकड्यानं. बकेटीचं प्लास्टिक पांढरं पडलं.

बाबा संध्याकाळी काकाकडे गेले. शर्ट बदलून गेले, यार. भिंत ओलांडून नाही, समोरच्या गेटानं, कडी वाजवून. मी मांगं मांगं गेली अन् गेटापाशी थांबली. आतून टीव्हीचा आवाज. काकू दारात आली अन् म्हनली, "झोपले हायेत."

बाबा म्हनले, "बसतो जरा. उठले की बोलतो."

"तब्येत ठीक नाही त्यायची."

आतून काकानं टीव्हीचा चॅनल बदलला. ऐकू आलं ना आमाले, बातम्या होत्या अन् एकदम गाना लागला. बाबा उभेच. काकूनं त्यायले बस नाही म्हनलं, पानीही नाही इचारलं. बाबानं मंग पायात चप्पल घातली. ती घालताना त्यायचं ते चपटं बोट पट्ट्यात अडकते नेहमी, वाकून सोडवा लागते. ते वाकले, सोडवलं, अन् घरी आले. आईले म्हनले, "जाऊ दे. आपन आपल्याकडे एक खड्डा करू, त्यात पानी मुरवू."

आई कपडे घड्या करून राहिली होती. "खड्डा बी करू," म्हनली. "पन विहीर सोडाची नाही. तुमचं बोट हाये तिच्यात."

रविवारी सकाळी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत मलबा. फुटक्या विटा, टाईल्सचे तुकडे, कोनाच्या तरी घरचं तुटलेलं बेसिन. आभाळ भरून आलेलं. अंकुरनं गाडी आधीच आतमदे, गेटाच्या एका बाजूले दाबून लावली होती, गल्लीत ट्रॉली वळवाले जागा व्हावी म्हनून. "आने दो, आने दो, आने दो," तो हातानं इशारे करून राहिला अन् ट्रॉली मांगं मांगं विहिरीकडे येऊन राहिली.

आई पोळ्या करत होती. आवाज ऐकला, गॅस बंद केला. हाताले कनीक तशीच. बाहेर आली, काठावरून पाय टाकला, टिनावरच्या दोन विटा बाजूले ढकलल्या अन् मधोमध मांडी घालून बसली. टिन कर्रकन वाजलं. खाली विहीर हाये ना!

"आंटी, हटो न. संडे को तमाशा मत करो."

"तमाशा तूनं केला, ग्रुपवर. मी तं नुसती बसली हाव."

"अपने हिस्से में बैठो फिर."

"माह्याच हिस्स्यात बसली. तुहा हिस्सा कोनता, दाखव. टिन काढते, पान्यात रेघ मार अन् दाखव."

गल्ली पुन्हा जमा. अंकुरनं पुन्हा मोबाईल काढला. आई म्हनते, "काढ, काढ. पदर नीट करू का?" दोघी-तिघी हसल्या मांगं. अंकुर लाल झाला.

"आप चाहती क्या हो?"

"तुह्या बापाले बाहेर आन. मले एकच गोष्ट इचाराची हाये. तो जे म्हनन ते म्हनन. मंग मी उठते."

"पापा की तबियत—"

मी वरडली, "टीव्ही पाहून राहिले ते! आवाज येऊन राहिला!" बाबानं माहा हात धरला. धरू द्या. मी आनखी दोनदा वरडली.

काका आले. बनियनवर, भिंतीले हात लावत लावत. हप्त्यात म्हातारे झाल्यासारखे. आईकडे नाही, टिनाकडे पाहून राहिले.

आई म्हनली, "दादा, प्लांटमदे सी शिफ्ट म्हनजे काय?"

ट्रॅक्टरचं इंजिन तेवढं भकभक करून राहिलं.

"पापा, अंदर जाओ आप."

"रात्री दहा ते सकाळी सहा," काका म्हनले.

"त्या दिवशी नागसेन कोनत्या शिफ्टवरून आले होते?"

"सी."

"मंग त्यायनं विहिरीत कोनतं पानी सोडलं?"

"रातचं. पावसाचं."

"हे तुमाले कधी समजलं, दादा?"

काकानं मान खाली घातली. "तवाच."

तवाच! मले वाटलं मी दगड उचलन. ब्रश तोंडात होता तवाच त्याले माहीत होतं. हप्ताभर माह्या बापाले सारी गल्ली घान समजून वागली, अन् हा मानूस आत बसून चॅनल बदलून राहिला होता!

सिंधुकाकू दारातून रडत म्हनाले लागली, "मले खरंच नाही समजलं व तारा. मुलाची शपथ. माही चूक झाली."

आई तिच्याकडे पाहून म्हनली, "नाही समजलं, ते खरं हाये. पन देवाच्या पान्याचं जे बोलली, ते काही तू चुकून नाही बोलली."

काकू आत गेली.

मंग काका हळूच म्हनले, "पोराले गाडी ठेवाले जागा पाहिजे होती, तारा. रोज घरात भांडन. मी काय करू?"

बस. येवढंच होतं. पाठीवर घेऊन नेलं होतं त्या मानसानं माह्या बापाले, अन् एका कारच्या जागेसाठी... सोडा. बाबा घरात गेले, आरी अन् सॉकेट अन् गोंदाचा डबा घेऊन आले, अन् कापलेल्या पाईपाजवळ उकिडवे बसून कापलेलं तोंड घासाले लागले. साऱ्यायसमोर. कोनाकडे न पाहाता.

अंकुरले ते पाहून काय झालं काय माहीत. ड्रायव्हरवर वरडला, "खाली करो ट्रॉली! बुढ़िया अपने आप उठेगी!"

ड्रायव्हर खाली उतरला. छत्तीसगढी मानूस, गमछा बांधलेला. टिनाच्या फटीतून वाकून खाली पाह्यलं. "ए दे, एमा तो पानी हे!" मंग अंकुरकडे वळला. "तैं मोला गड्ढा पाटे बर केहे रेहे. भरे कुआँ ल मैं नइ पाटंव. अउ ऊपर दाई बइठे हे, दिखत नइ हे?" मतलब, खड्डा सांगितला होता, भरली विहीर तो बुजवनार नाही.

"पैसे लिए हैं तूने!"

"मलबा के लिए हंव. ले अपन मलबा." अन् ट्रॅक्टरवर चढला, ट्रॉली गेटातून बाहेर काढली, अन् गेटाच्या तोंडातच, बरोबर तोंडात, जॅक वर केला. धडधडधड सारा मलबा तिथंच. ते बेसिन सर्वात वर. अंकुरची गाडी आतच. आता घमेल्यानं उचलत बसा.

पोट्टे शिट्ट्या मारून राहिले. तेवढ्यात पानी आलं. मोठे मोठे थेंब, टिनावर ठनठन. लोकं छज्ज्याखाली सरकले. काका तिथंच उभे, म्हनले, "तारा, उठ आता. ओली होशीन."

"इचाराचं होतं ते इचारलं," आई म्हनली. "उठतेच." उठली, कंबर धरून, अन् मले म्हनली, "प्रेरणा, धर तिकडून."

टिन गंजलेलं होतं, माह्या तळव्यात घुसलं. हे पाहा, टाका पडला. पन आमी दोघीनं ते ओढलं अन् विटासकट काकाच्या अंगनात फेकलं. विहीर खुली झाली. पानी बरंच वर आलेलं, अन् त्यावर वरून धो धो पाऊस, सारं पानी उकळल्यासारखं. आईच्या हाताची कनीक वाहून कोपरापर्यंत आली होती. बाबानं पाईप अजून जोडला नव्हता, दाबून धरूनच बसले होते, गोंद ओल्यात पकडत नाही.

अंकुर बाजूले उभा, पुरा भिजलेला, मोबाईल शर्टाच्या आत लपवून. अजूनही म्हनते, "कुछ भी कर लो. हम तुम्हारी छत का पानी इसमें नहीं आने देंगे. बस."

आईनं त्याचा शर्ट धरला, कनकेच्या हातानं, अन् त्याले विहिरीच्या काठावर आनलं. खाली बोट दाखवलं.

"हे पडून राहिलं ना आता? हे कोनाच्या छताचं हाये, सांग."

अन् अंकुरनं, खरंच सांगते तुमाले, अंकुरनं वर पाह्यलं.